सातचा आकडा

स्फाक्स शहरातल्या आमच्या गल्लीतली हाजेर लग्नाचे फोटो सांभाळणाऱ्या कंपनीत होती. फोटोवाले फोटो धाडत, ही संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक शब्द लिहायची, की सगळे जागच्या जागी लागत. हे करणारा प्रोग्राम, ते हत्यार, तिनंच घडवलेलं. मग जो तो मागे लागला, "हाजेर, माझंही एवढं काम त्यात बसव ना!" एकटी किती बसवणार? तिनं त्यात आकडे ठेवले, खुंट्यांसारखे. ज्यानं त्यानं आपलं काम अडकवावं. फोटो लागले की हत्यार हाळी देई, अन् त्या हाळीला कान लावून बसलेली कामं उठत.

हाळीचा शब्द आमच्या अरबी बोलीतला, घरचाच, 'सहा'. न्हाऊन आलेल्याला, जेवून उठलेल्याला म्हणायचा, आरोग्य लाभो. ऐकायला सहा, पण इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यातल्या 'ह'च्या जागी सातचा आकडा टाकायचा. फोनवर सगळा गाव तसंच लिहितो.

वरची खुर्ची रिकामी होणार होती आणि हाजेरचा जीव तिच्यात अडकलेला. साहेब, सी लसाद, पडद्यात डोकावून हसले. "पोरी, परदेशी पाहुणे येणारेत. हे काय हमामातलं, तेही फोनवरच्यासारखं सात टाकून? पाठ चोळायलाही बसणार आहेस का?"

"बदलते, सी लसाद."

शरमेनं तिनं हाळीतला सात काढून साधा 'ह' घातला. पण फोटोंच्या दुसऱ्या प्रती ठेवणारं काम जिथं अडकवलं होतं, तिथल्या शब्दातला सात राहून गेला. हाळी जात राहिली, ते काम आपलं जुन्या नावाची वाट बघत बसलं. कुणी उठलं नाही तरी हत्यारानं गुमान पुढे जावं, हेही तिनंच ठरवलेलं.

मूळ फोटोंची संगणकातली पेटी जळाली तेव्हा कळलं, दुसऱ्या प्रती झाल्याच नव्हत्या. उन्हाळ्यातली सगळी लग्नं गेली. नवऱ्यामुली दारात येऊन तळतळल्या.

"तुझेच ना गं आकडे?" सी लसाद म्हणाले.

"शब्द तुम्हीच बदलायला..."

"मी नुसता हसलो. हात तुझा होता."

खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. खुर्ची त्यांच्या भाच्याला मिळाली.

घरी येऊन ती न्हायली, केस पुसत बाहेर आली. आई मिरच्या निवडत होती.

"सहा, लेकी."

यावर 'तुलाही लाभो' म्हणायचं असतं. हाजेर नुसती केस पुसत राहिली. आईला वाटलं, आपलाच आवाज पोचला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.