टायरबाई

आमच्या बाईंना कोणी नमस्कार केला, तर त्या आधी त्याच्या गाडीच्या टायरवर अंगठा दाबून बघत आणि मग हात जोडत. एकदा आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. बाई भेटायला आल्या आणि ओट्याला टेकलेल्या सायकलीपाशीच थबकल्या. बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि बाई मयताच्या नातवाला दबक्या आवाजात रागावत होत्या, "अरे, हवा किती कमी! रिम खराब होईल ना." मग आत जाऊन त्या घरच्या बाईंना जवळ घेऊन बराच वेळ बसल्या. पण लोकांनी लक्षात ठेवली ती हवेची गोष्ट. हिंगोलीत त्यांचं नाव टायरबाई पडलं ते असं.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं सडसडीत, आवाज खणखणीत. पुण्याच्या भावानं आपली जुनी डोंगरी सायकल त्यांना देऊन टाकली होती. पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट आणि डोक्यावर हेल्मेट अशा वेशात त्या पहाटे कळमनुरी रोडनं निघत, तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं हसत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. रस्ता सोडून त्या माळावर चढत. तिथल्या गुरांच्या आणि शेळ्यांच्या पाऊलवाटा एकमेकींना जोडत जोडत त्यांनी सायकलीसाठी एक छान वाट तयार केली होती. काटेरी फांद्या त्या स्वतः कोयत्यानं तोडायच्या.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर बसून पोट सुटलं, म्हणून मीही एक सायकल घेतली आणि त्यांच्या मागे लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे नवे गुळगुळीत टायर बघितले आणि त्या म्हणाल्या, "हे चालवायला घेतले का दुकानाच्या काचेत ठेवायला?" मी म्हणालो, दुकानदारानं हेच दिले. त्यावर त्या खाली बसल्या आणि मूठभर मुरूम उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "दुकानदार काय सांगून राहिला ते ऐकू नका. हे बघा. हे सुटं आहे, घसरतं. पुढचं चाक धरून ठेवणारं पाहिजे, मागचं पळणारं. पुढं मोठ्या बटणाचा, म्हणजे जाड उंचवट्यांचा टायर टाका, मागं बारीक बटणाचा." मग काळ्या दगडाची एक कपची उचलून तिची धार माझ्या बोटाला लावली. "आणि कडेचं रबर जाड पाहिजे. इथं टायर खालून फुटत न्हाई, बाजूनं चिरतो."

बाभळीच्या काट्यांवर त्यांचा उपाय म्हणजे ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये तो भोकं बुजवणारा चिकट द्राव भरायचा. पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घालायला त्यांची सक्त मनाई होती. "दोन बटणांमधली माती सुटली न्हाई तर चाक राहत न्हाई, चिखलाचा गोळा होतो," असं म्हणत. हवा किती भरायची यावरून तर त्या भांडत. आम्ही टायर दगडासारखे टणक करून आणायचो आणि त्या, टणक टायर मुरूम धरत नाही म्हणून, प्रत्येकाची थोडी थोडी हवा सोडत जायच्या. कोणाचं मन राखणं त्यांना जमत नसे. मी एकदा उतारावर पडलो, तर हात द्यायच्या आधी माझा टायर तपासला. "माळ आपल्याला ओळखत न्हाई," असं त्या म्हणायच्या. "आपण कितीही वर्षं येत असलो तरी न्हाई."

हळूहळू आमचा दहा-बारा जणांचा गट झाला. त्यात हाडांचे एक डॉक्टर होते. गावात वजन असलेले, बोलायला गोड. गट त्यांच्या नावानंच ओळखला जाऊ लागला. त्याचंही बाईंना काही नव्हतं. त्यांचा जीव जडला होता तो जयावर.

जया माळाच्या पायथ्याच्या तांड्यावरची. वडील शेतकरी, तूर-सोयाबीन करणारे. पोरगी कॉलेजात होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. पळायला माळावर यायची आणि आमच्या सायकलींच्या बरोबरीनं चढ चढायची. बाईंनी एक दिवस आपली सायकल तिच्या हाती दिली. जया ज्या सफाईनं उतरली, ते बघून बाई टायर तपासायचंही विसरल्या. मग त्या तांड्यावर गेल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दम वाढेल, मांड्या भरतील, भरतीला कामी येईल. पोरगी माझ्या जबाबदारीवर." वडील म्हणाले, "मॅडम, तुमी हाव तर मला काय तकलीफ न्हाई." बाईंनी पुण्याहून दुसरी जुनी सायकल मागवली आणि तिला आपल्या हातानं टायर चढवले.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माळावर शर्यत ठेवली. वाट अर्थातच बाईंचीच. बाहेरगावचा एक टायर-विक्रेता शर्यतीचा खर्च उचलायला तयार झाला, पण त्याची अट होती: प्रत्येक स्पर्धकानं त्याचेच टायर वापरायचे, म्हणजे फोटोत सगळीकडे त्याचा माल दिसेल. टायर आले. दिसायला देखणे, हातात घेतले तर हलके. बाईंनी कडेचं रबर दोन बोटांत धरून चुरगळलं आणि खाली टाकलं. "हे डांबरी रस्त्याचे आहेत. खालच्या वळणावर कपच्या आहेत. तिथं चिरतील."

डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, एक दिवसाचा प्रश्न आहे."

"पडायला दिवस लागत न्हाई, डॉक्टर."

मीही बाईंच्या बाजूनं बोललो. टायर बदला, नाहीतर वाट बदला, असं म्हणालो. बाकीच्यांनी आम्हा दोघांकडे असं बघितलं, जणू लग्नघरात अपशकुनी बोललो.

शर्यतीच्या सकाळी जयाच्या सायकलीला बाईंनी चढवलेलेच टायर होते. संयोजकांपैकी एकानं ते पाहिले आणि सायकल बाजूला घेतली. "नियम सगळ्यांना सारखा." बाई त्याच्याशी भांडल्या. मांडवातले पाहुणे वळून बघू लागले. शेवटी बाई जयाचा दंड धरून म्हणाल्या, "चल घरी. पुन्हा कधी." जयाच्या तांड्यावरची सगळी माणसं बघायला आली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी रोजच उतरते ना हितून. काहून घाबरता?" आणि तिनं दंड सोडवून घेतला. टायर बदलले गेले.

खालच्या वळणावर जया सगळ्यांच्या पुढे होती. मी तिथेच उभा होतो. आधी फट्‌ असा आवाज आला, मग पुढचं चाक आडवं झालं आणि ती गुडघ्यावर आदळून खडकापर्यंत घसरत गेली. बाई चढावरून धावत आल्या. जया ओरडत नव्हती, नुसती विचारत होती, "मॅडम, भरतीला चालंल ना? मॅडम, चालंल ना?" बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

गुडघ्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी स्वतः ऑपरेशन केलं आणि फी घेतली नाही. जया चालू लागली. भरतीचं मैदान मात्र संपलं.

नंतर गटाची बैठक झाली. तिथे टायरचा विषय निघालाच नाही. मी काढला, तर कोणीतरी म्हणालं, टायर सगळ्यांना तेच होते, मग एकटीच कशी पडली? मग प्रश्न आला, वाट कोणी आखली? मुलीला कोणी शिकवलं? तिच्या वडिलांना शब्द कोणी दिला? बाई एवढंच म्हणाल्या, "वाट मीच आखली. शब्दही मीच दिला." आणि उठल्या. मीही उठलो. त्या गटात आम्ही दोघं परत गेलो नाही. जयाच्या वडिलांच्या कानावर काय घातलं गेलं ते मला माहीत नाही. बाई दवाखान्यात गेल्या, तेव्हा ते दारातच आडवे आले. "पोरगी झोपली हाय," एवढंच बोलले. भर दुपारची वेळ होती. आतून जयाचा आवाज ऐकू येत होता.

उन्हाळ्यात बाईंची बदली हट्टा गावाकडच्या एका शाळेत झाली. तो भाग सपाट, काळ्या जमिनीचा. जाताना त्यांनी सायकल विकून टाकली.

वर्षभरानं जयाचं लग्न ठरलं. पत्रिका तिनं वडिलांना न सांगता माझ्या दुकानात आणून दिली, एक माझी, एक बाईंची. बाई एसटीनं आल्या. मांडवात आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. अक्षता पडल्यावर जयाच्या वडिलांनी माइक घेतला. "माझी लेक आज सोताच्या पायावर हुभी हाय, ती या देवमाणसामुळं," असं म्हणून त्यांनी डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. जयानं बोहल्यावरून आमच्याकडे पाहिलं. ती पाय सांभाळत दोन पावलं पुढं आली, तोच कोणीतरी तिला फोटोसाठी डॉक्टरांच्या शेजारी उभं केलं.

परतताना स्टँडवर मला राहवलं नाही. "बाई, तुम्ही टाळ्या काहून वाजवल्या?"

"त्यानं पाय नीट केला की न्हाई? केला."

"पण मोडला कोणामुळं?"

"त्या बापाला आता एक देव तरी राहू द्या," बाई म्हणाल्या. "पोरीचं भरतीचं गेलं. आता तेबी काढून घेऊ का?"

गाडी लागली. बाई पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या. मी अलीकडून हात वर केला, पण त्यांनी मान वळवली नाही.