साक्षीला ठेवलेला कान

अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नव्या वस्तूवर अर्धाच विश्वास ठेवणारा माणूस एकच, आणि ते नेमके माझ्या ताईचे सासरे. अर्धाच म्हणजे अगदी मोजून अर्धा. कुंभारी गावच्या रानात ज्वारीचं नवं बियाणं आलं की ते निम्म्या रानात पेरायचे आणि निम्मं रान जुन्यावरच ठेवायचे. ‘साक्षीला’ ठेवलंय म्हणायचे. “नव्या बियान्यानं काय केलं आन् पावसानं काय केलं, कळाय नको का?” इथवर कुणीही मान डोलावेल. पण हीच रीत त्यांनी घरातही चालवली. नवा साबण आला की सदऱ्याची एक बाही नव्यानं धुवायची, दुसरी जुन्यानं. ताईच्या लग्नात ते एका पायात कोरी चप्पल आणि दुसऱ्यात जुनी घालून मांडवात मिरवत होते. आमच्या आत्याला वाटलं गर्दीत अदलाबदल झाली. बिचारी मांडवभर जोड शोधत फिरली. “लगीन तेवढं सबंध केलं ह्यांनी, नशीब माजं,” असं ताईच्या सासूबाई म्हणतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या हे इतक्या हळू म्हणतात की शेजारी बसलेल्यालाच ऐकू जावं.

तीच तर पंचाईत झाली. गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांना सर्दी झाली आणि ती गेली तरी त्यांचे दोन्ही कान दडे बसल्यासारखे बंद राहिले. रात्री जेवणं झाली की अंगणातल्या बाजेवर मावशी त्यांच्या डाव्या बाजूला बसून दिवसभराचं सांगायच्या. आता त्यांना ओरडावं लागलं असतं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं नवऱ्यावर ओरडणं त्यांना जन्मात जमलं नसतं. मग त्या गप्पच झाल्या. “टीव्हीचा आवाज वाढवता येतो,” ते मला म्हणाले. “हिचा कसा वाढवायचा?”

नाकात औषधाचे फवारे झाले, नाक दाबून फुंकणं झालं, महिने गेले. शेवटी मी त्यांना शहरातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मोठ्या आवाजात समजावलं: नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते, ती मिटलीय, नाकातून इवलासा फुगा तिच्यात सरकवायचा, थोडा वेळ फुगवून ठेवायचा आणि काढून घ्यायचा.

“काढल्यावर नळी परत मिटली तर?”

“काहींची मिटते. बऱ्याच जणांना फरक पडतो, पण उपचार तसा नवा आहे. खूप वर्षांनी काय होईल, ते आज सांगता येत नाही.”

ते एकदम खूश झाले. स्वतःच्या मालाची खोट सांगणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

“आन् फुगा न घालता, आपसूक कितींचं बरं झालं?”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “हा प्रश्न मला पेशंट सहसा विचारत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“मग येकच कान करा. उजवा. डावा साक्षीला ऱ्हाऊ द्या.”

मी कपाळावर हात मारला. एकाच भुलीत दोन्ही होतात, हे बाईंनीही सांगून पाहिलं. पण ज्यांनी चपलेचा जोड फोडला, ते कानाचा थोडाच सोडणार!

पुढं काही आठवड्यांनी मी मुद्दाम जेवायला गेलो. निकाल काय, ही उत्सुकता मलाच जास्त होती.

“उजवा मोकळा झालाय. डावा हाय तसाच. पर येका मानसावरनं सांगता येत न्हाय. वरीसभर बघू की.”

जेवणं झाल्यावर ते बाजेवर टेकले आणि सवयीनं डावीकडची जागा हातानं झाडून ठेवली. मावशी आल्या. इतक्या वर्षांची ती जागा ओलांडून त्या पलीकडे गेल्या, उजवीकडे बसल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगू लागल्या. मी हातभर अंतरावर होतो, पण मला एक अक्षर कळलं नाही. “हं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, “हं.”

त्यांचा डावा हात अजून त्या मोकळ्या जागेवरच होता. उचलायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.