चंद्रामावशीचा निळा ड्रम

आमच्या एमआरआय सेंटरमध्ये मशीनच्या खालोखाल मोठा आवाज कोणाचा, तर चंद्रामावशीचा. भिवंडीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात तिने बारा वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. त्यात कान मंदावले आणि गळा मोकळा झाला. आता ती आमच्याकडे आया आहे. मी दिनेश, मशीन चालवणारा. कागदोपत्री मी तिचा साहेब, पण सेंटर चालवते ती, हे मी बायकोपुढेसुद्धा कबूल करतो.

मोठी माणसं घाबरली तरी मशीनच्या बोगद्यात पडून राहतात. लहान मुलं राहत नाहीत, आणि डोकं जरा हललं की फोटो बिघडतो. म्हणून त्यांना झोपेचं इंजेक्शन. भूलतज्ज्ञ ठाण्याहून आठवड्यातून एकदा येतात. मुलाला सहा तास उपाशी ठेवायचं, मग सुई, आणि मग निपचित पडलेलं पोर खांद्यावर टाकून न्यायचं. मावशीला ते बघवायचं नाही.

"ज्याला लागतं त्याला लागू दे," ती म्हणायची. "पण जे नुसतं घाबरलंय त्याला निजवता कशाला? त्याची भीती काढा ना!"

आणि एका सोमवारी ती नवऱ्याच्या टेम्पोतून एक मोठा निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आली. दोन्ही टोकं कापलेली. तो आडवा ठेवून तिने त्यात गोधडी अंथरली, की झाला मशीनचा नकली बोगदा. पोरांनी आत सरपटत जायचं, नाकावर एक चुरमुरा ठेवायचा आणि मावशी बाहेरून लाकडी डावाने ड्रम बडवत असताना तो पडू द्यायचा नाही. सेंटरच्या डॉक्टर मॅडम पहिल्या दिवशी भडकल्या, "हे भंगार कोणी आणलं?" चार महिन्यांत निम्म्या मुलांची सुई टळली, तेव्हा त्याच मॅडम येणाऱ्या पाहुण्यांना ड्रम दाखवायला लागल्या.

मग नेत्रा शेलार आली. वय सहा. बाप भरत लूम चालवतो आणि घर कारखान्याच्या भिंतीला लागून. पोरीला फिट यायच्या. औषध बदलायचं तर आधी डोक्याचा स्कॅन हवा, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फिटची पोर म्हणून तो भूल देऊनच करायचा ठरला. पण दोन तारखा फुकट गेल्या, कारण दोन्ही वेळेला तिच्या आजीने, आक्काने, निघताना तिला भात भरवला होता. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून मॅडमनी परत पाठवलं.

तिसऱ्या वेळी त्याच आठवड्यात पोरीला दोन फिट येऊन गेल्या होत्या. आता वाट बघायला कोणाचीच तयारी नव्हती.

"पोर उपाशी हाय ना?" मावशीने विचारलं.

"न्हाय बा," आक्का म्हणाली. "उपाशी लेकराला उंबऱ्याबाहेर काढीत न्हाईत आमच्यात. दोनच घास दिले."

मावशी एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा रिक्षावाला डोकावला. आक्का रडायला लागली. "मी काय तिचं वाईट करीन का गं?"

ते ऐकून मावशी विरघळली. मॅडमकडे जाऊन म्हणाली, "खाल्लं तर खाल्लं. बिनासुईचा स्कॅन करून बघू. एकदा."

मॅडम तयार झाल्या, आणि ड्रममध्ये तर कमालच झाली. मावशी डाव बडवत होती आणि नेत्रा चक्क झोपली. लूमवाल्याची पोर ती! मशीनमध्येही तेच. एवढी ठकठक चालली होती, पण ती ढिम्म. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पहिला भाग संपला. पुढचा सुरू व्हायच्या आधी मशीन थोडा वेळ गप्प होतं. तसं झालं, आणि नेत्रा दचकून उठायला लागली. "लाईट गेली! पप्पा!"

समजूत घातली, पुन्हा सुरू केलं. आवाज चालू तोवर ठीक, थांबला की परत तेच. मॅडमनी घड्याळ बघितलं. "दिनेश, पुढच्या आठवड्याची तारीख द्या." मी तारखांची वही ओढली.

मावशीने कपाळावर हात मारला. "काय अक्कल माझी! कारखान्याच्या भिंतीला निजणारं पोर हे. लूम बंद पडले की सगळी धावाधाव, ते माहीत हाय तिला. आवाजाला न्हाय भीत ती, गप्प झालं की भिते!"

"मग करायचं काय?"

"मशीन गप्प झालं की तू लूम हो. माईक हाय ना तुझ्याकडे?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान डोलावली. मशीन थांबलं आणि मी, डिप्लोमा झालेला माणूस, आत पोरीला ऐकू जाणाऱ्या माईकला तोंड लावून खटक-पटक, खटक-पटक करायला लागलो.

"हे लूम हाय का बैलगाडी?" मावशी कुजबुजली, म्हणजे अख्ख्या सेंटरने ऐकलं. "जोर लाव!"

मी जोर लावला. नेत्राने कूस बदलण्याचाही प्रयत्न केला नाही. असं पाच वेळा मशीन थांबलं आणि पाच वेळा मी लूम झालो. शेवटी तोंडाला फेस यायचा बाकी होता. मॅडमनी फोटो पुढे-मागे करून दोनदा तपासले. "सगळे आलेत. एकही हललेला नाही."

मावशीने स्टूल ओढलं आणि ती पदरात तोंड घालून रडली. मी रडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

बाहेर बसवलेल्या आक्काला सुई दिलीच नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं. बेशुद्ध पोर अंगावर घ्यायचं म्हणून ती दोन्ही हात पसरून दाराशी उभी होती. नेत्रा डोळे चोळत बाहेर आली, त्या हातांखालून गेली आणि खाली बसून आपल्या चपला घालायला लागली.