फ्लेक्सवरचं धड

चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर मी होते. मुंडकं सोडून.

मानेपासून मांडीपर्यंत मी. वांगी रंगाचं इरकल लुगडं, लाल काठ. डाव्या हातावर तुळशीचं गोंदण. आणि पुढं आलेलं पोट. ते एवढं मोठं छापलेलं की गल्लीच्या तोंडापासून आधी पोटच दिसावं. शेजारी एक बारीक बाई. तिला मुंडकं होतं. ती हसत होती. माझ्याखाली लिहिलं होतं, 'अशा दिसता?' तिच्याखाली, 'अशा दिसा!' मी चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचते. पण हे वाचायला वेळ लागला नाही.

मी तेच लुगडं नेसून फ्लेक्सखाली उभी होते. हौसेनं नेसले होते. कारखान्याच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं होतं, "मावशी, तुमी फ्लेक्सवर आलाय की." आमच्या सोलापुरात फ्लेक्सवर जातो तो मोठा माणूस. पुढारी जातो, पुढाऱ्याचा पोरगा जातो, वाढदिवसाचा दादा जातो. मला वाटलं, इतकी वर्षं राबले, कुणीतरी दखल घेतली. म्हणून नातीला घेऊन आले होते. अंजू तिचं नाव. नववीत आहे. शाळा सुटली तशी तिला फाटकातूनच घेतलं आणि म्हटलं, चल, तुला गंमत दाखवते.

तिच्या दोन मैत्रिणी मागोमाग आल्या. एकीनं वर बघितलं, मग माझ्याकडं.

"अंजे, ही तुझी आजी हाय की. लुगडं बघ. गोंदण बघ."

अंजूनं वर बघितलं. मग माझ्याकडं. मग रस्त्याकडं.

"न्हाय," ती म्हणाली. "आमची न्हाय ती."

मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या दप्तराचा बंद माझ्या हातात होता. तिनं तो सोडवून घेतला आणि मैत्रिणींच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. घरी जाताना ती पुढं आणि मी मागं. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

तो फोटो कधीचा, ते सांगते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. तिथं मी शिलाईनंतरचं काम करते. टॉवेलचे लोंबणारे दोरे कापायचे, घडी घालायची, टॉवेल पाकिटात भरायचा. उभ्यानं काम. मालकाच्या सूनबाईंनी शहरात वजन उतरवायचं सेंटर काढलंय. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. महिला दिनाला त्या कारखान्यात आल्या. म्हणाल्या, जुन्या कामगार बायकांचा सत्कार करायचा, सगळ्यांची ओटी भरायची.

मी मागं सरकले. माझा नवरा जाऊन लई वर्षं झाली. तेव्हापासून कुणी माझी ओटी भरली नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, ते चहा करायला. समोर बायका ओट्या भरतात, मी आत स्टोपाशी. कुणी मुद्दाम बोलत नाही, पण आपणच आपली जागा धरून बसतो.

मॅडमनी हाताला धरून पुढं आणलं. "मावशी, आम्ही असलं काही मानत नाही. तुमचीही भरणार."

मी पदर पुढं धरला. पदर पुढं धरताना बाई जरा वाकते, पोट पुढं करते. सगळ्याच तशा उभ्या राहतात. मॅडमनी तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला. मी पदराची गाठ मारली आणि कमरेला खोचली. आपल्यात तशीच खोचतात. ओटी घरापर्यंत तशीच न्यायची असते. फोटोवाला म्हणाला, "आजी, हलू नका." मी हलले नाही. मला रडू आलं होतं. पण रडणारं तोंड त्या फोटोत नाही. तोंडच नाही.

फ्लेक्स बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवायच्या सुट्टीला नरसम्मा माझ्या शेजारी बसली. ती माझ्याच टेबलावर घडी घालते. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. ती सकाळीच चौकातून बघून आली होती.

"अक्का, ते पोट न्हाय गं. त्यो तुझा नारळ हाय. पदरात खोचलेला. गाठ पन दिसायलीय."

सगळ्या माना वर झाल्या.

"मग नारळाचं वजन कसं उतरवत्यात गं मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"फोडून," नरसम्मा म्हणाली. "चटणी करून. इडलीसंगट."

हसून हसून ठसका लागला एकेकीला. मीही हसले. त्या हसण्यानं मला बळ आलं. वाटलं, चूक झाली आहे. सांगितली की मिटेल.

सुट्टीच्या दिवशी मी सेंटरला गेले. काचेचं दार. आत थंडगार. मी चपला काढून हातात धरल्या, तर तिथली पोरगी म्हणाली, इथं काढायच्या नसतात. मी तरी हातातच धरल्या. भिंतीवर तोच फोटो होता, लहान करून लावलेला.

"मॅडम, ते पोट माझं न्हाय. तुमीच घातलेला नारळ हाय त्यो."

त्या हसल्या. कुचकट नाही, चांगलं हसल्या. तेच जास्त लागलं.

"मावशी, चेहरा मुद्दाम कापला. तुमची लाज राहावी म्हणून. कोण ओळखणार आहे?"

"माझ्या नातीनं वळखलं."

"आणि नारळ असला तरी पोट तर आहेच ना मावशी. थोडं इकडंतिकडं." मग त्यांना काही आठवलं. "नात म्हणजे ती, शाळेतून तुम्हाला भेटायला येते ती? तिला पाठवा माझ्याकडं. आत्ता वय आहे तोवर होईल. तिचं मी फुकट करते. नाहीतर उद्या..."

पुढचं बोलल्या नाहीत. बोट वर केलं. भिंतीकडं. माझ्याकडं बघत, माझ्याच फोटोकडं बोट.

मी वळले. बाहेर आले. रस्त्यावर बरंच पुढं गेल्यावर पायाला चटके बसले, तेव्हा कळलं की चपला अजून हातातच आहेत.

घरी अंजूनं जेवण कमी केलं होतं. आधी एक भाकरी. मग अर्धी. मग, "शाळेत खाल्लं." तिची आई म्हणायची, परीक्षा आहे, पोरीला ताण आहे. मी बघत होते. अंजू माझ्या अंगावर गेली आहे. रुंद खांदे, रुंद कंबर, जाड मनगट. जेऊरकडं आमच्या माहेरच्या सगळ्या बायका अशाच. मेंढरांमागं कोसकोस चालायच्या, कोकरू एका बगलेत आणि पोर दुसऱ्या. त्या हाडाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. ते हाड होतं म्हणून त्या जगल्या.

एका सकाळी तिला न्हाऊ घालताना पाठ चोळायला गेले. कमरेभोवती लाल वळ. दोरीनं बांधल्यासारखे. शाळेच्या गणवेशाखाली ती ओढणी आवळून बांधत होती.

"श्वास येतो का गं?"

"येतो थोडा."

मला तिचा राग आला नाही. मला घाई झाली. वाटलं, हिला खरं सांगितलं की ही ओढणी सोडेल. मी तिथंच, ओल्या हातानं, सगळं सांगितलं. ओटी सांगितली. गाठ सांगितली. म्हटलं, "पोट न्हाय बाई ते. नारळ हाय. तुझी आजी तशी न्हाय."

तिनं केसांतलं पाणी पिळलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"नारळ काढला तरी तू जाडीच हाईस, आजी. आन मी पन."

तिनं टॉवेल गुंडाळला आणि आत गेली. मी पाटावर बसून राहिले. चुलीवरचं पाणी उतू गेलं.

पोरगी खरं बोलली होती. मी इतके दिवस नारळाची बाजू घेऊन भांडत होते. ते पोट माझं नाही, हे सिद्ध करत फिरत होते. नारळ काढा. खाली पोट आहेच. चार बाळंतपणांचं. त्यातलं एक गेलं, त्याचंही. उभ्यानं काम करून खाली उतरलेलं. मग? पोट माझं असतं तर मुंडकं कापायला चाललं असतं का? मीच नातीला सांगत होते, तुझी आजी तशी नाही. म्हणजे तशी असती तर लाजायचं. मॅडमचं वाक्य मीच घरात आणलं. माझ्या तोंडानं.

त्या दिवशी कामावर टॉवेल पाकिटात भरताना हात थांबला. पाकिटावर पुठ्ठ्याची पट्टी असते. त्यावर टॉवेल गुंडाळलेली एक बाई. गोरी, बारीक, ओल्या खांद्याची. मी रोज भरते ती पट्टी. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. मानेपासून गुडघ्यापर्यंत होती ती. तिलाही मुंडकं नव्हतं. ती एवढी देखणी. तिचंही कापलं.

म्हणजे जाडीचं मुंडकं नको आणि बारकीचंही नको. मुंडकं असलं की बाई बघते. बोलते. ते नको असतं. फ्लेक्सवरच्या बारकीचं ठेवलं, ते नुसतं हसतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. तेच लुगडं नेसले. नारळ नाही, गाठ नाही. पदर डोक्यावर घेतला नाही. चौकात फ्लेक्सच्या खांबापाशी सिमेंटचा कठडा आहे. त्यावर बसले. माझ्या डोक्यावर माझं धड.

चहाच्या टपरीवाल्यानं आधी वाट बघितली. मग आला.

"आजी, काय पायजे का?"

"कायबी नको. वरच्या बाईला मुंडकं न्हवतं. आणून दिलंय."

त्यानं वर बघितलं. खाली बघितलं. हाताकडं बघितलं. परत गेला आणि चहा पाठवून दिला. मी प्याले नाही. ऊन चढत होतं. लोक थांबत होते, बघत होते, मोबाईल काढत होते. मी मान खाली घातली नाही. मान खाली घालायला आले नव्हते. कुणी हसलं तर मी त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. बघत राहिलं की हसणं टिकत नाही.

गाडीवर दोन पोरं आली. मागचा ओरडला, "आजी, हे आधीचं का नंतरचं?"

"आधीचं. तू जन्माला आला नव्हतास तवाचं. तुझ्या आईचं बी असंच व्हतं की. इच्यार जा."

पुढचा खिंकाळला. मागच्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि गाडी गेली.

काम सुटल्यावर नरसम्मा आली. शेजारी टेकली, डबा उघडला. आम्ही दोघी खात होतो, तेव्हा शाळा सुटली. अंजू येताना दिसली. तिनं मला बघितलं. मी बघितलं की तिनं बघितलं. ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली. मैत्रिणी माझ्याकडं बघत होत्या. ती खाली, चपलांकडं.

मी हातातला घास डब्यात ठेवला. नरसम्मानं पाठीवर हात ठेवला. मी तो काढला. तिचं चुकलं नव्हतं. पण तेव्हा हात नको होता.

मी पुन्हा पुन्हा जाऊन बसले. एका सकाळी फ्लेक्स नव्हता, नुसता सांगाडा होता. कारखान्यात गेले तर मुकादम दारातच उभा. "मावशी, उद्यापास्नं येऊ नका. वरनं निरोप हाय." तो माझ्याकडं बघत नव्हता. मी टेबलावरची माझी कात्री घेतली. ती माझी होती, घरून आणलेली.

आता तोच फ्लेक्स होटगी रोडला लागलाय. नरसम्मा बघून आली, मग मी गेले. तेच लुगडं, तेच पोट. हात मात्र गुळगुळीत. गोंदण पुसलंय. जेऊरच्या बाजारात आईनं मला मांडीत धरून ते गोंदवून घेतलं होतं. मी बोंबलत होते आणि ती म्हणत होती, मेल्यावर एवढंच संगट येतं, रडू नको. ते यांनी पुसलं.

अंजूला कळलं. तिला बरं वाटलं. किती दिवसांनी तोंड उघडून माझ्याशी बोलली.

"आता कुणाला कळत न्हाय आजी, तू हाईस म्हनून. आता जाऊ नको. माझ्यासाटी."

माझ्यासाठी, म्हणाली. तिनं दुसरं काही मागितलं असतं तर दिलं असतं. ती अजून चतकोर भाकरीवर उठते. ओढणी कपाटात ठेवलीये म्हणते, पण पायऱ्या चढताना तिला धाप लागते. मी तिच्या ताटात अख्खी भाकरी वाढते. उरते.

आधी ते धड माझं होतं. माझी एकटीची लाज. आता त्यावर खूण नाही. आता ते कुणाचंही आहे. नरसम्माचं. तिच्या आईचं. अजून काही वर्षांनी अंजूचं. म्हणून आता तर जायलाच पाहिजे.

अंजू माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. कदाचित लई दिवस. ते मी धरून चाललेय.

उद्या सकाळी होटगी रोडला जाणार. वांगी लुगडं सापडत नाही. अंजूनं लपवलंय. ठेवू दे. दुसरं नेसेन. बाही वर करून बसेन.