बिनबियांचा जॅम

माझी मावशी अठ्ठावीस वर्षं लोकांचे दात बनवते आहे, आणि ज्यांचे बनवले त्यांच्यातल्या शंभरात एकालाही तिने पाहिलेलं नाही. दातांच्या लॅबचं कामच तसं असतं. दवाखान्यात डॉक्टर जबड्याचं माप घेतात, ते माप पेटीतून आमच्याकडे येतं, त्यावरून प्लास्टरचा साचा तयार होतो आणि मावशी त्या साच्यापुढे बसून कॅप, दाढ, कवळी, जे काय हवं असेल ते घडवते. चिठ्ठीवर फक्त नंबर. रस्त्यात कुणी हसलं की ही त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते, तो बिचारा तोंड मिटेपर्यंत. आपलं काम आहे का, असं मी विचारलं तर चालू लागते. "कुणाच्या तोंडातलं बाहेर बोलायचं नसतं," हा तिचा नियम. ऐन तारुण्यात एका मुलाबरोबर ती दोनदा चहाला गेली होती. तिसऱ्यांदा गेली नाही. आजीने कारण विचारलं तर म्हणाली, "त्याचा खालचा जबडा पुढे आहे." तो पुढे दोन मुलांचा बाप झाला, जबड्यासकट.

मी तिच्याकडेच राहते आणि त्याच लॅबमध्ये काउंटरवर बसते. आलेल्या पेट्या वहीत लिहायच्या, गेलेल्या लिहायच्या, एवढंच माझं काम. मला धीर म्हणून नाही. मावशी कामाच्या टेबलाशी दगडासारखी स्थिर, पण टेबलावरून उठली की पायाला भिंगरी. घरात तिला बसलेली मी जेवतानाच पाहते, आणि तेही अर्धं जेवण झाल्यावर ती पाणी आणायला उठते ते परत येत नाही.

आता पेटीवाल्यांबद्दल. सगळे दवाखाने फिरून पेट्या आणणारा आमचा माणूस, वय त्रेपन्न, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत एकटा राहणारा. नऊ वर्षं रोज दोनदा, अकराला आणि चारला, ते दारात उभे राहून सांगत, "आठ पेट्या, एक घाईची." कधी आठ, कधी पाच. मावशी आतून उठून काउंटरपाशी येई, वास्तविक तिने यायचं काहीच कारण नसे, आणि म्हणे, "ठेवा." बस. एवढंच. मग ते पेटीचा पट्टा उगाच दोनदा सोडून बांधत आणि निघून जात. कधी बसत नसत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर माझी पर्स असे. मला ह्या दोघांचं काय चाललंय ते दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं, पण ती दोघं मूग गिळून बसलेली. बाहेरच्याने किती ढकलायचं?

जानेवारीच्या अखेरीला त्यांनी पेट्या ठेवल्या आणि म्हणाले की लेक बोलावते आहे, तिच्या गावाला कायमचा जातो आहे, पंधरा फेब्रुवारीला, मंगळवारी. मावशी म्हणाली, "बरं." त्या दिवशी तिने एकच दाढ तीनदा घडवली आणि तीनदा मोडली.

त्यांचा शेवटचा दिवस सोमवार, चौदा तारीख. नेमका व्हॅलेंटाइन डे. दुकानांतून लाल फुगे लागले होते आणि आमच्या घरात दोन आठवडे कुणी धड झोपलं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, सांगून टाक, जीभ काही झिजत नाही. ती म्हणाली की तिला ते जमणार नाही, त्यांना पाहिलं की तिची दातखीळ बसते. पण तिने फोनवर कुठेतरी एक बिस्किट पाहिलं होतं. दोन बदामाच्या आकाराची बिस्किटं एकावर एक, मधे लाल जॅम, आणि वरच्या बिस्किटाला छोट्या बदामाचीच खिडकी, त्यातून जॅम दिसतो. "हे देते," ती म्हणाली. "मग बोलावं लागणार नाही."

रविवारी दुपारी जेवणाची ताटं उचलायच्या आत ती सुरू झाली. आमच्याकडे एक छोटा ओव्हन आहे, एरवी त्यात तवे ठेवतो. तवे बाहेर आले, ते कुठे ठेवायचे म्हणून तिने खोलीभर फेऱ्या मारल्या आणि शेवटी माझ्या पलंगावर ठेवले. कृतीत बदामाचे तुकडे घालायला सांगितले होते, ते तिने काढून टाकले. मग जॅम. चांगला महागाचा स्ट्रॉबेरीचा जॅम आणला होता. तो तिने गरम केला आणि चहाच्या गाळणीतून गाळला. मग पातळ फडक्यातून गाळला. मग फडकं धुऊन पुन्हा गाळला. मी विचारलं, हे काय चाललंय, जॅम आहे की औषध? म्हणाली, "बी दाताखाली येते." मी म्हटलं, येऊ दे की, जॅमला बिया असतातच. ती फडक्यावर उरलेल्या बिया बोटाने चाचपून बघत राहिली, एखादी निसटली तर नाही ना म्हणून.

साचा तिने स्वतःच वळवला होता, लॅबमधल्या पातळ पत्र्याच्या पट्टीचा, पकडीने. देखणा होता. कणीक लाटली, बदाम कापले, ट्रेवर मांडले, ट्रे आत गेला. त्यानंतरची बारा मिनिटं मी विसरणार नाही. तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दार उघडून जिन्यात बघून आली. ओव्हनच्या काचेशी वाकली, उठली, पुन्हा वाकली. मी म्हटलं, बस जरा, तुझ्याकडे बघून मला घेरी येते. ती बसली आणि बसल्या जागी पाय हलवत राहिली.

ट्रे बाहेर आला. बदाम नव्हतेच. सगळं फुगून पसरलं होतं, एकमेकांना चिकटलं होतं. वरचे दोन गोल जाड झाले होते, खालचं टोक बोथट, आणि मधली खिडकी बुजून तिथे नुसता खड्डा राहिला होता. मी एक सोडवून हातात घेतलं आणि मला हसू आवरेना. दाढ होती ती. अगदी हुबेहूब, दोन उंचवटे आणि मधे खड्डा.

"साचा मोठा केलास का तू?" मी विचारलं.

केला होता. पाचव्या हिश्शाने मोठा. सिरॅमिकचा दात भट्टीत घातला की आक्रसतो, म्हणून तो मुद्दाम पाचव्या हिश्शाने मोठा घडवावा लागतो. अठ्ठावीस वर्षांची सवय, हाताने विचारलंच नाही. लोणी घातलेली कणीक भट्टीत आक्रसत नाही, पसरते, हे जगातल्या कुठल्याही आईला माहीत असतं, माझ्या मावशीला नव्हतं. ती ट्रेकडे बघत म्हणाली, "मला दुसरं काही येतच नाही गं." आणि रडायला लागली. दोन मिनिटंच, पण उभ्या उभ्या, आणि रडता रडता ओटा पुसत.

दुसरा घाणा मी शेजारी उभं राहून करवून घेतला. साचा लहान केला, कणीक फ्रीजमध्ये गार केली, बदाम लांब लांब मांडले. ह्या वेळी सुरेख झाले. संध्याकाळी तिने लगेच जॅम भरायला घेतला. मी फोन तिच्या नाकासमोर धरला, त्यात स्पष्ट सांगितलं होतं की आदल्या दिवशी भरू नका, बिस्किटं मऊ पडतात. ती म्हणाली, "मऊच पडू दे." मी हात जोडले. बारा बदाम झाले, ते तिने पांढऱ्या कागदाच्या डब्यात ठेवले, वर लाल रिबीन. दाढा टाकवेनात, म्हणून त्यांतही उरलेला जॅम भरला. खड्ड्यात लाल जॅम गेल्यावर तर त्या थेट किडलेल्या दिसायला लागल्या. त्या तिने स्वतःच्या जेवणाच्या डब्यात टाकल्या.

सोमवारी अकरा वाजले आणि पेटीवाले आले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या जागी येणारी बाई मात्र वेळेवर येऊन उभी होती, हेल्मेट काखेत, वहीत त्यांची सही झाली की काम तिच्याकडे जाणार होतं. सव्वाअकरा. मावशी चार वेळा काउंटरपाशी येऊन गेली, पाचव्यांदा तो पांढरा डबा हातात घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. साडेअकराला मालक बाहेर आले, त्यांनी रिबीन पाहिली आणि सहज विचारलं, हे कुणासाठी? मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "सगळ्यांसाठी."

मी माझं कपाळ बडवून घेतलं, मनातल्या मनात. मालकांनी चार खाल्ले, उभ्या उभ्या. प्लास्टरवाल्याने तीन. भट्टी सांभाळणाऱ्या बाईंनी दोन, नव्या बाईने दोन. शेवटचा एक उरला तो मी खाल्ला, रागाच्या भरात. वाचवून ठेवायचं सुचलं नाही, ही माझी अक्कल. मावशी रिकाम्या डब्याची रिबीन बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते आले. प्रत्येक दवाखान्यात निरोपाचा चहा घ्यावा लागला होता, म्हणून उशीर. दारात उभे राहून म्हणाले, "पाच पेट्या. घाईची एकही नाही." मावशी नेहमीप्रमाणे म्हणाली, "ठेवा." मालकांना फोन आला, ते आत गेले. मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. पेन त्यांच्या हातात होतं. तेव्हा मावशी वळली, आत गेली आणि तिचा जेवणाचा डबा घेऊन आली. झाकण उघडून त्यांच्यापुढे धरला. 

त्यांनी डब्यात पाहिलं, बराच वेळ. नऊ वर्षं दातच वाहिले होते त्यांनी. "ही खालची दाढ दिसते," ते म्हणाले. "किडलीय."

"बदाम आहे तो," मावशी म्हणाली.

ते हसले नाहीत. एक उचलून खाल्ली. उजव्या बाजूने, सावकाश, जपून. मग त्यांचं चावणं थांबलं. जीभ आत काहीतरी शोधत होती हे गालावरून दिसत होतं. मग त्यांनी घास डावीकडे नेला आणि मनसोक्त चावला.

"बी नाही यात."

"तीनदा गाळला."

त्यांचा हात डाव्या गालाकडे गेला आणि चेहरा लाल झाला. मला तेव्हा काही उमगलं नाही, पण तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक छोटी कवळी दुरुस्तीला आली होती, खालच्या डाव्या बाजूची. सगळी कामं पेटीतून येतात, ही एकच पेटीवाल्यांच्या खिशातून आली होती, रुमालात गुंडाळून, आणि त्या दिवशी ते तोंडावर हात ठेवून बोलत होते. चिठ्ठीवर नंबरसुद्धा त्यांनी स्वतःच घातला होता. आपल्याला कवळी आहे हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. आणि अशा कवळीखाली बारीक बी शिरली की माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून. रुमाल उघडला तेव्हा ती गरम होती."

"कुणाला बोलला नाहीत."

"कुणाच्या तोंडातलं बाहेर बोलायचं नसतं."

नवी बाई तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. मी मात्र बघत होते, मला लाज कमीच. ते पेन फिरवत म्हणाले की हल्ली कवळी जरा हलते, तिकडे गेल्यावर कुणाला तरी दाखवावी लागेल.

"तिकडे कुणाला दाखवू नका," मावशी म्हणाली. मग एक श्वास घेतला. "अहो, जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात. पेट्या असोत, नसोत."

नऊ वर्षांत एक शब्द, आणि आता एका दमात एवढे. मला रडू येईल असं वाटलं आणि मी वहीत डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा त्यांनी माझी पर्स स्टुलावरून उचलून काउंटरवर ठेवली होती आणि ते बसले होते. दुसरी दाढ खात होते. मी बोटाने सहीची जागा पुन्हा दाखवली, कारण मला धीर नाही हे मी सांगितलंच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हात जॅमचे आहेत."

सही झाली नाही. मालकांनी आधी आरडाओरडा केला, मग चारची फेरी नव्या बाईला दिली आणि अकराची त्यांच्याकडे ठेवली. लेक रागावून पंधरा दिवसांनी स्वतः आली, मावशीला आपादमस्तक न्याहाळून गेली. मावशीने फक्त तिचे दात पाहिले.

पण मला आठवतो तो व्हॅलेंटाइनच्याच आठवड्यातला गुरुवार. अकरा वाजता ते आले, पेट्या मांडल्या, स्टुलावर बसले. मावशी बाहेर आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, तोंडावर हात धरला नाही. माझ्यासमोर, भर उजेडात, तोंडातून कवळी काढली आणि रुमालाशिवाय तिच्यापुढे धरली. डावा गाल आत गेला होता आणि ते एकदम म्हातारे दिसत होते.

मावशीने तळहात पुढे केला आणि म्हणाली, "ठेवा."