घरी न दिलेली पुस्तकं

वाचनालय उघडलं की रुक्मिणीबाई सगळ्यात आधी खुर्चीमागच्या कपाटाच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या. आत झुरळं असतील तर पळावीत म्हणून, असं त्या सांगायच्या. मग पंखा, मग वर्तमानपत्रं. एकतीस वर्षं हाच क्रम.

आरोंद्याच्या त्या वाचनालयातली इतर पुस्तकं कोणीही घरी न्यावीत. या कपाटातली बेचाळीस मात्र तिथंच बसून वाचायची. त्यांत गावच्या लवू मास्तरांनी पदरमोड करून छापलेलं एक पातळसं पुस्तक होतं. भात लावताना खाडीकाठच्या बायका म्हणत, ती गाणी. मास्तर गेले, त्यांच्या घरातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या, उरली ती हीच. सत्तेचाळिसाव्या पानावर गाण्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'सांगणार: मथुरा'. मथुरा म्हणजे रुक्मिणीबाईंची आई. तिला सही येत नव्हती. तिचं नाव छापलेलं तेवढं एकाच ठिकाणी.

कोणी ते घरी मागितलं की बाई म्हणत, "हंयच बसान वाच. घराक न्हेलंस तर तुझी सून तेच्यार चायचो कप ठेवतली."

गणपत सुतार दुपारी येऊन या कपाटातलं तासभर वाचत बसे. त्याची नोंद कुठे करायची? देवघेवीच्या वहीत घरी नेलेलं पुस्तक तेवढं चढायचं.

गेल्या वर्षी विनीत वाचनालयाचा चिटणीस झाला. धडपड्या पोरगा. त्याने संगणक आणला, सगळी पुस्तकं आणि वहीतल्या नोंदी त्यात भरून घेतल्या, वाचनालयाची वेबसाइट केली. पुढे बाई डोळ्याच्या ऑपरेशनला सावंतवाडीला गेल्या. आठ दिवसांनी परतल्या, तेव्हा त्या कपाटात वायफायचा डबा लुकलुकत होता.

"पुस्तका खंय रे?"

"रद्दीत गेली, काकी. धा वर्सांत जी कोणी न्हेली नाय, ती काढूची असो ठराव झालो. संगणकान यादी दिल्यान."

"कोणी न्हेली नाय, कारण मीच न्हेवक दिलंय नाय. गणपत रोज वाची."

"मगे गणपतान सही खंय केल्यान?" विनीत हसला. "आणि आता कायव होया तर नेटवर गावता."

"मास्तरांचा पुस्तक काढून दाखय."

त्याने टाइप केलं. आधी दोन होमस्टे आले, मग मासळीची थाळी. "नेट स्लो आसा आज," तो म्हणाला.

बाई एसटीने इन्सुलीच्या भंगारवाल्याकडे जाऊन आल्या. माल केव्हाच कोल्हापूरकडे गेला होता.

दिवाळीनंतर त्याच कोल्हापूरहून दिव्या नावाची संशोधक मुलगी आली. "मॅडम, तुमच्या वेबसाइटवर लवू मास्तरांचं हे पुस्तक दिसतं. बाकी कुठेच नाही. त्यासाठीच आले."

यादी नेटवर तशीच राहिली होती. पुस्तकं काढली, नावं काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"यादीत आहे, कपाटात नाही," बाई कचेरीतल्या मराठीत म्हणाल्या. मुलीचा चेहरा बघून त्यांनी खुर्ची ओढली. "सत्तेचाळिसाव्या पानावरचं मला पाठ आहे."

त्यांनी गायलं. दिव्याने फोनवर रेकॉर्ड केलं, मग वहीत लिहून घेतलं: सांगणार, रुक्मिणी.

"मथुरा लिही. माझी आई."

"मी त्यांच्याकडून ऐकलं नाही ना, मॅडम. छापील पान असतं तर लिहिता आलं असतं. नियम आहे तसा."

 मुलगी खोटं सांगत नव्हती. सहीचं विनीतही खोटं बोलला नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. एकतीस वर्षं कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. चहाच्या डागापासून त्यांनी पुस्तक वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्या किल्ल्या विनीतच्या टेबलावर ठेवल्या.

"रागावलंस काय गो काकी? उद्यापासून येवचंस नाय?"

"नाय."

"अगो, नवीन पुस्तका येतली. तुयाच लाव ती."

बाईंनी चष्मा पुसला, पिशवी खांद्याला अडकवली. दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "मागचा दार ओढून घे. मांजरा शिरतत."