कुणी कुणासाठी थांबायचं

"बघत बसलं की लवकर उठतंय व्हय?" असं म्हणून ती संगणक सुरू करायची आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहायची. आमच्या कॉलेजच्या लॅबमधले जुने लिनक्सचे संगणक सुरू व्हायला फार वेळ लावायचे. तेवढ्यात तिचे खिडकीपाशी शेंगदाणे खाऊन व्हायचे. मी मात्र पडद्यावर सरकणारी प्रत्येक ओळ वाचत बसायचो.

तुमच्याही वर्गात असं कुणीतरी असेल, न घोकताच सगळं जमणारं. ती करकंबची, मी केमचा. दोघांच्याही घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही, संगणक तर नाहीच. तिचे वडील कुणी साहेब असते तर मला बरं वाटलं असतं. निदान कारण तरी सापडलं असतं.

एकदा सर म्हणाले, "संगणक सुरू करणारी जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची आहे. एक रांग तू कर, एक ती करेल. ज्याचं काम नीट होईल त्याच्याकडे लॅबची किल्ली."

किल्ली म्हणजे सुट्टीतही सराव. ती किल्ली मला हवी होती. आणि तिला मिळू नये, असंही वाटत होतं.

जुन्या यंत्रणेत प्रोग्रॅम क्रमांकाने, एकामागून एक सुरू व्हायचे. नवी सगळ्यांना एकदम उठवते. कोणता प्रोग्रॅम कसा सुरू करायचा ते सांगणाऱ्या नव्या फायलींच्या नावांपुढेही मी काळजीपूर्वक क्रमांक घातले. माझे संगणक झटकन सुरू झाले, पण मुख्य संगणकावरच्या, सर्वांच्या सामायिक फायली दिसेनात. नेटवर्क येण्याआधीच संगणक त्या शोधून मोकळा व्हायचा. तिच्या रांगेत सगळं सुरळीत.

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "आरं, नंबर कोण बघतंय आता? सगळी एकदम उठत्यात. कुणी कुणासाठी थांबायचं, तेवढं सांग की."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"व्हय, दिसतंय की." मूठभर शेंगदाणे माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून ती गेली. मी ते खाल्ले नाहीत.

किल्ली तिला मिळाली. पुढच्या वर्षी तिला पुण्यात नोकरी लागली, मी कॉलेजातच राहिलो; तेव्हा सरांनी ती माझ्या हातात ठेवली. हवी होती तीच किल्ली, पण उरलेली वाटली.

परवा एक संगणक सुरू होता होता अडकला. मी पुढे होण्याआधीच एका ज्युनिअरने तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"तू हायस की तितं," ती म्हणाली. "मग मला कशाला इचारत्यात?"

मागून कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणून हाक मारली आणि फोन बंद झाला. मी तो थोडा वेळ तसाच कानाला धरून राहिलो. पोरांना वाटावं, तीच मला काहीतरी विचारते आहे.